तापीच्या मुखाशी होडी पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात, म्हणजे आमच्या पेठेत, एखादी गोष्ट लपवायची असेल तर ती सरळ सगळ्यांना सांगून टाकावी. कोणाचा विश्वास बसत नाही. मार्गशीर्षात आम्ही सामान बांधायला घेतलं तेव्हा "कुठं निघालात?" म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकीला मी खरं तेच सांगितलं, "सुरतेकडे. शिडाची होडी पाहायला." शेजारच्या काकू म्हणाल्या, "नसेल सांगायचं तर नको सांगूस बाई, पण अशी थट्टा नको करू," आणि आत निघून गेल्या. परत आल्यावर सगळं खरं निघालं तेव्हा त्याच काकू मोठ्या दाराशी उभ्या राहून विचारत होत्या, "मग होडी बांधणार कुठं? नळाला?"

तेव्हापासून रोज दोघी-तिघी येतात आणि मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावतात. मी शिकवते त्या शाळेत चौथीच्या मुलींनीही सोडलेलं नाही. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून काढते.

आधी होडीचं खूळ आलं कुठून ते सांगायला हवं. हे लढाईच्या काळात चार वर्षं नेव्हीत होते. लढाई संपल्यावर घरी आले आणि मिलच्या वर्कशॉपमध्ये लागले. नोकरी चांगली, तब्येत चांगली, दोन गोड मुली. पण संध्याकाळ झाली की हे तापीच्या राजघाटावर जाऊन बसायचे आणि पलीकडच्या जैनाबादकडे जाणारी-येणारी नाव पाहत राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, हवा खातो." दिवाळीनंतर मुंबईच्या एका जहाज कंपनीचं पत्र आलं. मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम, करार तीन वर्षांचा, उत्तर महिन्याच्या शेवटच्या मंगळवारच्या टपालात पडलं पाहिजे. पत्र वाचून हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "असं करू. एखादी जुनी, लहान शिडाची होडी घेऊ. तापीच्या मुखाशी ठेवू. दिवाळी ते शिमगा समुद्र शांत असतो, तेवढ्यात रजा काढून किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरून येत जाईन. तशी होडी मिळाली तर कंपनीला नाही कळवतो."

म्हणजे माझ्यापुढे दोनच वाटा. होडी मिळाली तर नवरा वर्षातून महिनाभर समुद्रावर, आणि न मिळाली तर सलग तीन वर्षं. हिशेब चौथीच्या मुलीलाही जमला असता. मी त्याच दिवशी होडीच्या बाजूला गेले. फक्त एक अट घातली, होडी मला पसंत पडली पाहिजे. फुटक्या लाकडावर मी माझं कुंकू पाठवणार नाही.

हे कळल्यावर जवळच्या दापोरा गावाहून मामा आले. मामा म्हणजे यांच्या आईचे सख्खे भाऊ. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा यांना मामांनीच आपल्या केळीच्या बागेत वाढवलं. यांनी आजवर मामांचा शब्द मोडलेला नाही. मामा ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बैल घ्याले चार मानसं जातेत. तुम्ही एवढं मोठं जनावर घ्याले दोघंच निंघाले? मी येतो." झालं. मुलींना माझ्या आईकडे ठेवलं आणि आम्ही तिघं निघालो.

गुरुवार, सुरत

प्रवासाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. भुसावळला गाडी बदलली. मामांनी बरोबर केळीचा एक अख्खा घड घेतला होता आणि अमळनेर येईपर्यंत डब्यातल्या प्रत्येक माणसाच्या हातात दोन-दोन केळी ठेवली होती. गाडी जवळजवळ सारा वेळ तापीच्या अंगानं जाते. मधूनच नदी दिसली की मामा हात जोडायचे आणि समोरच्याला सांगायचे, "आपल्या दारातून आली ही."

यांनी तीन ठिकाणं आधीच पत्रानं ठरवून ठेवली होती, त्यांतली दोन सुरतेत. स्थळं पाहायला जातात तसे आम्ही निघालो. मुलगी पाहताना मुलाकडच्यांनी जेवढा तोरा मिरवायचा असतो तेवढा मामा मिरवत होते. पहिली होडी एका लाकूड-व्यापाऱ्याची. हिरवागार ताजा रंग, पितळेच्या कड्या, शीड पांढरंशुभ्र. यांचा चेहरा असा खुलला की मला लग्नातले फोटो आठवले. "काय सुंदर आहे!" हे दोनदा म्हणाले. मला मात्र त्या ताज्या रंगाचा संशय आला. बाजारात वांगं तेल लावून चमकवलेलं असलं की मी देठाजवळ दाबून पाहते, तेच इथे केलं. अंबाड्यातला आकडा काढला आणि होडीच्या तळाशी, कण्याला फळी मिळते त्या कोपऱ्यात दाबला. उकडलेल्या रताळ्यात जावा तसा तो आत गेला. व्यापारी म्हणाला, तिथे जरा पाणी लागलंय, बाकी काही नाही. मी आणखी तीन ठिकाणी आकडा घालून दाखवला. चार वर्षं नेव्हीत काढलेला माझा नवरा माझ्याकडे आणि आकड्याकडे आळीपाळीनं पाहत राहिला.

दुसरी होडी भक्कम होती, पण चार माणसांशिवाय तिचं शीड वर चढेना. चार माणसं पोसायची म्हणजे तो नुसता नाद राहत नाही, व्यवसाय होतो. नमस्कार करून आम्ही परत फिरलो. रात्री धर्मशाळेत यांनी ते कंपनीचं पत्र उघडलं, पुन्हा त्याची घडी घातली आणि ते उशाखाली ठेवलं. मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

शुक्रवार, नदीच्या मुखाशी

तिसरं स्थळ गावाबाहेरचं होतं, डुमसच्या अलीकडे. आम्ही पहाटेच टांगा करून निघालो आणि तांबडं फुटता फुटता तिथे पोचलो. विकणारे रतिलालभाई. तिथल्या एका छोट्या संस्थानात बंदरावर त्यांची तीस वर्षं नोकरी झालेली. संस्थान विलीन झालं, झेंडा उतरला, मोटारी गेल्या, झुंबरं गेली. ही लहानशी सैरेची होडी मात्र कोणाच्याच यादीत नव्हती, म्हणून जुन्या नोकरीची आठवण म्हणून ती त्यांनाच देऊन टाकली. अजूनही रतिलालभाई संस्थानच्या बटणांचा कोट घालून रोज दहाला त्या होडीच्या छपराखाली येऊन बसतात. त्यांच्या बायकोनं, मंगूबेननी, मला हे हळूच सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "बेन, ले जाओ उसको. मेरा आदमी घर में तो आएगा."

म्हणजे नवरा आणि होडी यांच्या मध्ये सापडलेली मी एकटीच नव्हते. मला त्या बाई फार आवडल्या.

होडी छपराखाली पालथी पडली होती. एकोणीस फूट लांब, एकच डोलकाठी, तळ बऱ्यापैकी सपाट. या बाजूला भरती-ओहोटीचं पाणी दोन-दोन पुरुष चढतं-उतरतं, तेव्हा चिखलावर न कलंडता बसणारी होडी हवी, असं हे म्हणाले. रंग पार उडालेला. मी आकडा काढला. कणा, बरगड्या, फळ्या, सगळीकडे दाबून पाहिलं. आकडा वाकला, पण आत गेला नाही. तिथले म्हातारे टंडेल, म्हणजे होडी हाकणारे, माझ्या हातातल्या आकड्याकडे पाहून कौतुकानं मान हलवत होते. मामांनी दोन फळ्यांच्या सांध्यात भरलेला कापूस नखानं ओढून काढला, बोटांत पिळला आणि म्हणाले, "धागा आखूड हाये. आपल्याकडचा नाही हा." एवढाच दोष निघाला.

भरती होतीच. आठ-दहा माणसांनी होडी ढकलून पाण्यात घातली आणि सांध्यासांध्यातून पाणी आत यायला लागलं. झिरपणं नव्हे, कारंजीच. हे आत उभे राहून डबड्यानं पाणी उपसत होते आणि पाणी यांच्याहून जलद भरत होतं. अर्ध्या तासात होडी काठोकाठ भरून तशीच पाण्यात बसली. टंडेल म्हणाले, दोन रात्री राहू द्या. पण विकणाऱ्याच्या माणसाचं कोण ऐकणार?

हे ओल्या धोतरानं रतिलालभाईंच्या ओसरीवर आले आणि मला म्हणाले, "पेन दे." मी विचारलं, "कशाला?" म्हणाले, "कंपनीला लिहून टाकतो. झालं आपलं पाहून." पेन माझ्या पिशवीत होतं. मी नाही म्हणून खोटं सांगितलं.

तेवढ्यात पायऱ्यांवरून मामा वर आले. "दिगू, तू दापोऱ्यात वाढला का मुंबईत?"

"काय झालं मामा?"

"चैत-वैशाखात गाडीचं चाक खडखड वाजते, लोखंडाची धाव सैल होते. मंग आपुन काय करतो? सुतार बोलावतो?"

"नदीत टाकतो."

"किती दिवस?"

"दोन-तीन."

"मंग? लाकूड सालभर उपाशी हाये बाप्पा. पेऊ दे त्याले पाणी. फुगीन आन् बसीन बराबर." असं म्हणून मामा मंगूबेनचा चहा बशीत ओतून प्यायला लागले. मला मामांच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी खरंच पडले. मामांना कारण कळलं नाही. सकाळी सकाळी सुनेनं नमस्कार केला एवढंच समजून त्यांनी "सुखी राय" म्हटलं.

शनिवार

पण माझं सुख दुसऱ्या दिवशी सकाळी सातापर्यंतच टिकलं.

मुक्काम रतिलालभाईंकडेच केला होता. होडी पाण्यातच होती, अजून भरलेली. मामा खुशीत होते. म्हणाले, "तापीमाय आपल्या दारून इथवर आली. तिची ओटी भरू, मंग पुढचं." मला पटलं. हळदीकुंकू वाहिलं, खण नव्हता म्हणून माझा नवा रुमाल ठेवला, तांदूळ सोडले. मामांनी नारळ दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलला, आपल्या घाटावर टाकतात तसा जोरानं पाण्यात टाकला आणि डोळे मिटून हात जोडले.

नारळ वर आला, जरा गोल फिरला आणि उलटा निघाला. समुद्र आमच्या डाव्या हाताला, नारळ चालला उजव्या हाताला. माझा रुमाल त्याच्या मागोमाग. आमच्या डोळ्यांदेखत तापी सुरतेकडे, भुसावळकडे, म्हणजे बुऱ्हाणपूरकडेच वाहत होती.

इथे एक कबुली देते. मी दहा वर्षं चौथीला भूगोल शिकवते. भरती-ओहोटीचा धडा मला तोंडपाठ आहे, फळ्यावर चंद्राची आकृती मी डोळे मिटून काढते. तरी आपली नदी उलटी वाहताना पाहिली तेव्हा मी दोन पायऱ्या मागे सरले. जिला आपण जन्मभर एकाच दिशेनं जाताना पाहिलं ती अशी पाठ फिरवून निघाली की धडा वगैरे काही आठवत नाही.

मामांनी डोळे उघडून नारळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मायनं ओटी घेतली नाही. होडी घ्यायची नाही."

यांनी समजावलं. समुद्राची भरती नदीत कशी शिरते ते सांगितलं, चंद्राचं सांगितलं. मामा म्हणाले, "चंद्र आपल्या गावातबी उगते. तिथं नदी वापस जाते का?" टंडेल हसले, तेव्हा तर मामा अधिकच घट्ट झाले. दुपारी मंगूबेननी पोंक केला होता, म्हणजे आपला हुरडा, पण तिकडे तो लिंबू, साखर आणि शेव घालून घरात पाटावर बसून ताटलीत खातात. एरवी मामांनी शेतातल्या आगटीशिवाय हुरडा कसला, म्हणून तासभर वाद घातला असता. त्या दिवशी चार दाणे तोंडात टाकले आणि हात धुतला. माझ्याजवळच्या डबीतला ठेचा मंगूबेननी मोठ्या हौसेनं चाखला आणि तीन तांबे पाणी प्यायल्या, तेव्हाही मामा हसले नाहीत.

संध्याकाळी हे पुन्हा पेन मागायला आले. "मामा नाही म्हणाले, कमल. आता कशाला ओढून धरतेस?"

मी पेन दिलं नाही. उठून मामांकडे गेले. सून म्हणून मामांशी मी कधी वर मान करून बोललेली नाही, पण त्या दिवशी बोलले. "मामा, होडी नाही घेतली तर हे तीन वर्षं जहाजावर जाणार. मुली तोवर केवढ्या होतील?"

"मी काय करू पोरी? मी नाही नाही म्हनत. आपली नदी नाही म्हने."

"केळीला पाणी पोचलं की नाही ते तुम्ही कोणाला विचारता?"

"विचारतो कायले? सऱ्यांवर उभा राहून पाहतो."

"मग नदीचंही तसंच पाहा. यांचं ऐकू नका, टंडेलांचं ऐकू नका, माझंही ऐकू नका. उद्या दिवसभर बसा आणि तुमच्या डोळ्यांनी पाहा ती काय करते."

मामा रागावले नाहीत. घोंगडी कुठे ठेवली तेवढं विचारलं.

रविवार

उजाडायच्या आत मामा घोंगडी घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसले. हातभर लांबीच्या काठ्यांचा भारा बरोबर. पाणी जिथवर येई तिथे चिखलात एक काठी रोवायची, काडीचा तुकडा पाण्यात टाकायचा आणि तो कुठे जातो ते पाहायचं. मी भाकरी नेऊन दिली, तीही त्यांनी नदीवरची नजर न काढता खाल्ली. दुपारी पाणी इतकं उतरलं की नदीच्या जागी नुसता काळा चिखल आणि मधे एक धार राहिली. तीन वाजता ती धार थबकली, थोडी रुंद झाली आणि वळली. मामा उठून उभे राहिले.

दिवे लागायच्या वेळी ते ओसरीवर आले. "सूनबाई," मामा म्हणाले, "ही बाई दिवसातून दोन डाव माहेराले येते."

त्यांनी घोंगडी झटकून खाली घातली.

"जाते समुद्राकडे, नांदते घडीभर, आन् वापस वरतं निघते. मंग पुन्हा जाते. मी सहा काठ्या रोवल्या, साऱ्या बुडाल्या. नारळ नाही घेतला असं नाही. आपल्या घराकडे पोचवू राहिली होती." मग यांच्याकडे वळून म्हणाले, "दिगू, जे इथं सोडलं ते वापस येते. अशा ठिकाणी पोरगं सोडाले हरकत नाही. घे होडी."

यांनी मामांचे पाय धरले. मी आत जाऊन मंगूबेनच्या स्वयंपाकघरात घटकाभर रडले. त्यांना वाटलं ठेचा लागला.

होडीतलं पाणी दुपारी ओहोटीला उपसून टाकलं होतं. रात्री भरतीत ती तरंगली. सकाळी पाहिलं तर आत जेमतेम तांब्याभर पाणी. मामांचं चाक बसलं होतं.

सोमवार, पाण्यावर

आता माझं राहिलं होतं. मी होडीत बसून पाहिल्याशिवाय हो म्हणणार नव्हते, आणि मंगळवारचं टपाल दुसऱ्या दिवशीच जायचं होतं.

दहाच्या सुमाराला हे, टंडेल आणि मी निघालो. मामा काठावर. शीड वर चढलं, वाऱ्यानं फुगलं, आणि मला वाटलं होतं तशी होडी उडी मारून पळाली नाही. ती नुसती कुशीवर कलली आणि चालू लागली. मी दोन्ही हातांनी काठ पकडून बसले होते. तासाभरानं एक हात सोडला. मुख ओलांडून बाहेर आलो, तेव्हा पुढे काहीच नव्हतं. पाणी गढूळ, तांबूस, आपल्या श्रावणातल्या तापीसारखं, पण त्याला पलीकडचा काठच नव्हता. मला भीती वाटली आणि मजाही वाटली. मंगूबेननी दिलेले मेथीचे ठेपले आम्ही तिथेच खाल्ले.

टंडेल दोनदा म्हणाले, पाणी उतरतंय, आता वळा. यांना वळायचं नव्हतं. "थोडं आणखी, थोडं आणखी" करता करता दोन वाजले. परत येताना मुखाशी जो वाळू-चिखलाचा उंचवटा आहे त्यावर होडी खसकन बसली आणि थांबली. हे वल्हं घेऊन ढकलायला लागले. टंडेल निवांत बिडी काढून म्हणाले, जहाजावरच्या साहेबाला पाणी नेहमी पुरतंच असं वाटतं. आता साडेपाचपर्यंत ही हलत नाही. मग धोतर वर खोचून ते गुडघाभर चिखलातून काठाकडे चालू लागले, मामा घाबरतील म्हणून त्यांना सांगायला.

मी आणि हे दोघेच उरलो. होडी चिखलावर सरळ बसली होती. आजूबाजूला मैलभर ओला काळा चिखल, त्यात खेकडे, लांबवर बगळे. बुधवाऱ्यातल्या घरात, दोन मुली आणि सासरचं-माहेरचं येणंजाणं, यांच्यात आम्ही दोघं साडेतीन तास कधी एका जागी बसलो होतो का? मला तरी आठवेना.

मी म्हटलं, "चार वर्षं समुद्रावर होता, आणि एवढं कळलं नाही?"

मला थट्टा करायची होती. पण हे हसले नाहीत.

"मी समुद्र पाहिलाच नाही, कमल," हे म्हणाले. "तुम्ही सगळे म्हणता समुद्रावर होता. मी पाण्याच्या खाली होतो, इंजिनाशी. लोखंडाच्या पलीकडे पाणी आपटायचं ते फक्त ऐकू यायचं. धोक्याची घंटा झाली की वरून दार बंद करायचे. नियमच होता. दर वेळी वाटायचं, आता हे उघडणार नाही."

मी यांच्या जवळ सरकले. कधी नव्हे ते हे बोलत होते.

"घाटावर मी हवा खायलाच जायचो. खोटं नव्हतं सांगत. बंद खोलीत मला अजून झोप लागत नाही. पाण्यावर एकदा उघड्यावर बसून पाहायचं होतं. एवढंच."

"मग ते कंपनीचं पत्र?"

"त्यांनी आपणहून पाठवलं. मिलमध्ये सगळे म्हणाले, नशीब काढलंस. नाही कसं म्हणू? भीती वाटते म्हणून सांगू? माझ्या तोंडून ते निघेना. मग होडी काढली. होडी मिळाली, की कंपनीला नाही म्हणायला कारण मिळेल."

"आणि मिळाली नसती तर?"

"गेलो असतो." हे एवढ्या हळू म्हणाले की मला ऐकायला पुढे वाकावं लागलं.

मला आधी राग आला, खोटं का बोलू? तीन आठवडे मी रात्री जागून काढल्या होत्या. समुद्र ही माझी सवत आहे असं समजून तिच्याशी मनातल्या मनात भांडले होते. आकडे वाकवले, पेन लपवलं, मामांना उलटून बोलले. आणि हा माणूस माझ्याइतकाच घाबरलेला होता, शेजारच्या उशीवर! मी तेवढं सगळं ऐकवलं यांना. चांगलं पाच मिनिटं ऐकवलं. आणि ऐकवता ऐकवताच मला इतकं हलकं वाटायला लागलं की मधेच हसू फुटलं.

"आता?" मी विचारलं.

"आता तुला सांगून झालं. नाही जात मी. होडी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. उद्या तसं लिहून टाकतो."

मग यांनी डोक्याखाली शिडाची घडी घेतली आणि तिथेच, भर उन्हात, उघड्यावर, यांना गाढ झोप लागली. मी पदरानं यांच्या तोंडावर सावली धरून बसले.

आणि बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं की आता मी नाही म्हणू शकते. माझ्यापुढच्या दोन वाटांतली एक मिटली होती. जहाज गेलं. होडी नको म्हटलं तर हे मुकाट्यानं माझ्याबरोबर गाडीत बसतील, मिलमध्ये जातील, आणि माझं माणूस बाराही महिने जमिनीवर राहील. पत्र आल्यापासून मी देवाकडे हेच मागत होते. आता ते हातात आलं होतं आणि मी यांच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहत होते.

पाच वाजून गेल्यावर समुद्राकडून पाण्याची एक बारीक रेघ चिखलावरून सरकत आली. ती होडीच्या तळाशी पोचली, तसे हे जागे झाले. पाणी चढत गेलं. होडीनं एकदा अंग हलवलं, पुन्हा बसली, मग सगळीच्या सगळी वर आली. काठावरून मामांची हाक ऐकू येत होती.

"रतिलालभाईंना काय सांगू?" यांनी विचारलं. "नाही म्हणालीस तरी चालेल, खरंच."

"घ्यायची," मी म्हटलं. "पण मी पण येणार. आणि त्याआधी मला पोहायला शिकवायचं. राजघाटावर, दिवसाउजेडी, सगळ्या बुधवाऱ्यासमोर."

हे मोठ्यानं हसले. मग सुकाणू माझ्या हातात देऊन शीड चढवायला पुढे गेले.